लंगोटावरचा डाग, टाचेतला थेंब

नवजात बाळाच्या टाचेला बारीक टोचा देऊन रक्ताचे काही थेंब जाड टिपकागदावर घेण्याची रीत आज अनेक देशांतील प्रसूतिगृहांत बाळाचे वजन करण्याइतकी नित्याची झाली आहे, आणि तिचा इतिहास पाठ्यपुस्तकांत बहुधा १९६० च्या दशकातील एका अमेरिकन प्रयोगशाळेपासून सुरू होतो. त्या प्रयोगशाळेचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही; तथापि काही आनुवंशिक दोष बाळाच्या पहिल्याच आठवड्यात ओळखता येतात ही जाणीव त्याआधी साठ वर्षे, निराळ्या ठिकाणी आणि निराळ्या माणसांच्या हातून आकाराला येत होती. बाळाचे लंगोट बदलणारी, त्याच्या अंगाचा वास ओळखणारी, ते दूध कसे ओढते याकडे लक्ष ठेवणारी माणसे, म्हणजे आई आणि परिचारिका, या इतिहासात आरंभापासून आहेत, आणि त्यातील निर्णायक ठरलेल्या कित्येक प्रयोगांच्या आधी त्यांच्यापैकी कोणाचे तरी निरीक्षण उभे आहे. प्रसूतिशुश्रूषेच्या अभ्यासक्रमात आनुवंशिकी मेंडेलच्या वाटाण्यांपासून शिकवली जाते. ती लंगोटावरच्या डागापासून शिकवली असती तरी काही बिघडले नसते.

हा डाग लंडनचे वैद्य आर्चिबाल्ड गॅरॉड यांच्या संशोधनातला आहे. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयाशी संबंध असलेले गॅरॉड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्काप्टोन्युरिया या दुर्मीळ विकाराकडे वळले. या विकारात बाळाची लघवी हवेत राहिली की काळपट होते, आणि त्यामुळे लंगोटावर सहज न निघणारे तपकिरी-काळे डाग पडतात; लहानपणी याखेरीज दुसरा त्रास जवळजवळ नसतो, पुढे प्रौढ वयात सांधे मात्र धरतात. त्या काळी बऱ्याच वैद्यांचा असा समज होता की आतड्यात शिरलेल्या कोणत्या तरी जंतूमुळे हे घडत असावे. गॅरॉड ज्या कुटुंबाचा अभ्यास करीत होते त्या कुटुंबात आधी असे बाळ होते आणि १९०१ मध्ये आणखी एक मूल जन्माला येणार होते. ही संधी साधून नव्या बाळाचे प्रत्येक लंगोट तपासण्याची व्यवस्था करण्यात आली. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी पहिला डाग दिसला. आतड्यात जंतूने बस्तान बसवून लक्षण दाखवण्यापूर्वीच, केवळ दूध पोटात जाऊ लागताच हा दोष प्रकट होतो, असे त्यावरून दिसले आणि विकार जन्मतःच असतो या मताला बळ मिळाले. नवजात अवस्थेतील आनुवंशिक तपासणीचे हे बहुधा पहिले नोंदवलेले उदाहरण असावे, आणि त्यासाठी लागलेले साधन होते ते स्वच्छ पांढरे कापड आणि ते पाहणारा सावध डोळा.

गॅरॉड यांच्या नोंदींत दुसरीही एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. अशा मुलांचे आईबाप स्वतः निरोगी असत, पण पुष्कळदा ते एकमेकांची सख्खी चुलत, मावस, आते किंवा मामे भावंडे असत. याचा उलगडा केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी केला. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवर केलेले प्रयोग १८६६ मध्ये छापून आले असले तरी चौतीस वर्षे त्यांची दखल कोणी घेतली नव्हती. १९०० मध्ये ते पुन्हा उजेडात आले आणि बेटसन त्यांचे इंग्लंडमधील सर्वांत उत्साही पुरस्कर्ते बनले. गॅरॉड यांची कुटुंबे पाहताच त्यांना मेंडेलचा अप्रभावी गुण ओळखू आला. शरीराच्या प्रत्येक पेशीत बहुतेक जनुकांच्या, म्हणजे आनुवंशिक सूचनांच्या, दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत सदोष असूनही दुसरी निर्दोष प्रत काम निभावून नेत असेल तर तो दोष अप्रभावी म्हटला जातो, आणि अशी एक सदोष प्रत बाळगणाऱ्या निरोगी व्यक्तीस वाहक म्हणतात. दोन वाहकांचे मूल होते तेव्हा दोन्ही सदोष प्रती त्याच्या वाट्याला येण्याची शक्यता चारात एक असते, एकच सदोष प्रत येऊन मूल स्वतः वाहक होण्याची शक्यता चारात दोन असते, आणि उरलेल्या एका शक्यतेत मूल दोषापासून सर्वस्वी मुक्त असते. हे प्रमाण प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. एक बाधित मूल झाले म्हणजे पुढची तीन मुले निर्धोक, असा जो अर्थ नातेवाईक आणि क्वचित रुग्णालयातील कर्मचारीही लावतात तो साफ चुकीचा आहे, आणि तो खोडून काढणे हे आजही प्रसूती कक्षातील समुपदेशनाचे एक मोठे काम आहे.

नात्यातील विवाहाचा भाग हिशेबाने अधिक स्पष्ट होतो. एखादा अप्रभावी विकार दहा हजार जन्मांमागे एका बाळाला होत असेल तर समाजात त्याचे वाहक पन्नासात एक इतके असतात, कारण पन्नासात एक, पुन्हा पन्नासात एक आणि चारात एक यांचा गुणाकार दहा हजारांत एक असा येतो. पती-पत्नी सख्ख्या भावंडांची मुले असतील तर मात्र पती वाहक असताना पत्नीही वाहक असण्याची शक्यता पन्नासात एक न राहता आठात एकहून कमी नसते, आणि मग बाधित मूल होण्याची शक्यता सोळाशेत एकच्या घरात, म्हणजे सहापटींहून अधिक होते. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह पसंत केला जात आला आहे, आणि दक्षिणेकडे तो अधिकच रूढ आहे. त्यामुळे गॅरॉड यांचे हे निरीक्षण मराठी वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. येथे एक सावधानता हवी. सहापट वाढूनही धोका हजारांत एकाच्या आतच राहतो, म्हणून नात्यात लग्न केलेल्या बाईला वॉर्डात दोषी ठरवण्याचा अधिकार कोणाला या आकड्यांतून मिळत नाही.

गॅरॉड यांनी १९०२ मध्ये हे विवेचन प्रसिद्ध केले, १९०८ च्या व्याख्यानांत त्याचा विस्तार केला आणि अशा विकारांना चयापचयाचे जन्मजात दोष असे नाव दिले. त्यांची मांडणी अशी होती की अन्नातील प्रत्येक घटक शरीरात पायरीपायरीने बदलत जातो, प्रत्येक पायरीला एक विशिष्ट विकर, म्हणजे एन्झाइम, लागते, आणि ते विकर जन्मतः नसेल तर त्या पायरीवर माल तुंबतो. वैद्यकाने या विचाराकडे तीन दशके फारसे लक्ष दिले नाही. जे विकार आयुष्यभरात एखाद्या डॉक्टराला एकदाही दिसणार नाहीत त्यांचे करायचे काय, असा सर्वसाधारण भाव होता.

ज्या विकाराने ही उदासीनता मोडली त्याचा शोध एका आईच्या हट्टामुळे लागला. नॉर्वेतील बोर्ग्नी एगेलंड यांना लिव्ह आणि डाग अशी दोन मुले होती. जन्मतः दोन्ही सुदृढ दिसत होती, पण पुढे दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटली, आणि दोघांच्याही अंगाला व लघवीला एक विशिष्ट कुबट वास येत असे. या वासाचा आणि मुलांच्या अवस्थेचा काही संबंध असला पाहिजे असे त्या अनेक डॉक्टरांना विचारत राहिल्या आणि बहुतेकांनी तो प्रश्न उडवून लावला. अखेर १९३४ मध्ये त्या ऑस्लो येथील आस्बयोर्न फोलिंग यांच्याकडे पोचल्या. फोलिंग वैद्य होण्यापूर्वी रसायनशास्त्र शिकले होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरली. लघवीत कीटोन द्रव्ये आहेत का हे पाहण्यासाठी त्यांनी नेहमीप्रमाणे फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि लघवीला अपेक्षित नसलेला गडद हिरवा रंग आला. मुलांची औषधे थांबवून पुन्हा तपासले तरी रंग तोच. मग आईने घरून लघवी लिटरच्या लिटर आणून दिली आणि तिच्यातून फोलिंग यांनी फिनाइलपायरूव्हिक आम्ल वेगळे काढले. मतिमंद मुलांच्या संस्थांतील चारशेहून अधिक जणांची लघवी तपासल्यावर तसेच आणखी आठ रुग्ण सापडले, आणि त्यांत भावंडांच्या जोड्या असल्याने विकार आनुवंशिक असल्याचे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील लायनेल पेनरोझ यांनी त्याला फिनाइलकीटोन्युरिया हे नाव दिले. दूध, डाळी, मांस अशा प्रत्येक प्रथिनात फिनाइलअॅलनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. निरोगी शरीरात यकृतातील एक विकर त्याचे टायरोसिनमध्ये रूपांतर करते, आणि या बाळांत ते विकर निकामी असल्याने फिनाइलअॅलनिन रक्तात साचत जाऊन वाढत्या मेंदूला इजा करते. वार, म्हणजे अपरा, गर्भाच्या रक्तातील जादा फिनाइलअॅलनिन आईकडे पोचवते आणि आईचे यकृत ते मोडते, म्हणून बाळ जन्मते तेव्हा पूर्ण निरोगी असते. इजा सुरू होते ती अंगावरच्या पहिल्या दुधानंतर. आईला हे सांगावे लागणाऱ्या परिचारिकेचे काम किती अवघड असते, हे वेगळे सांगायला नको.

विकार कळला म्हणून उपाय कळला असे झाले नाही. त्याला आणखी सतरा-अठरा वर्षे लागली. १९५१ मध्ये बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात होर्स्ट बिकेल यांनी शीला जोन्स या लहान मुलीच्या विकाराचे निदान केले, आणि उपाय नाही असे सांगितल्यावर तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन काही तरी करा म्हणून तगादा लावू लागली. लंडनचे लुई वुल्फ यांनी सुचवलेल्या मार्गाने दुधातील केसीन या प्रथिनाचे आम्लाने विघटन करून ते कोळशातून गाळण्यात आले. कोळसा फिनाइलअॅलनिन धरून ठेवतो, त्याबरोबर निघून गेलेली इतर आवश्यक द्रव्ये नंतर मिसळावी लागतात. सुरुवातीला फिनाइलअॅलनिन आहारातून पूर्णपणे वगळल्याने मुलीचे वजन घटू लागले, कारण ते अमिनो आम्ल शरीर स्वतः बनवू शकत नाही. थोडे मोजून दूध देण्यास सुरुवात केल्यावर गाडी रुळावर आली. काही महिन्यांत जी मुलगी उभी राहू शकत नव्हती, सतत रडून डोके आपटत होती, ती रांगू आणि उभी राहू लागली. फरक आहारामुळेच पडला हे सिद्ध करण्यासाठी डॉक्टरांनी आईला न सांगता तिच्या विशेष दुधात फिनाइलअॅलनिन मिसळले, आणि आईने लगेच मुलगी पुन्हा बिघडल्याचे कळवले. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने असा प्रयोग मान्य केला नसता. पण त्या प्रयोगाचा निर्णायक पुरावाही अखेर आईची नजर हाच होता, हे विसरता येत नाही.

शीलाचा उपचार उशिरा सुरू झाला होता आणि झालेली इजा भरून निघाली नाही. त्यामुळे पुढचा प्रश्न आपोआप उभा राहिला, तो म्हणजे लक्षणे दिसण्यापूर्वी बाळ ओळखायचे कसे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचे उत्तर पुन्हा लंगोटातच शोधले गेले. अमेरिकेत ओल्या लंगोटावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून हिरवा डाग उमटतो का ते पाहण्याची पद्धत निघाली. ब्रिटनमध्ये घरोघरी जाणाऱ्या आरोग्य परिचारिका तशाच रसायनाने भिजवलेली कागदी पट्टी बाळाच्या लंगोटावर दाबून रंग पाहू लागल्या. ही पद्धत स्वस्त होती, घरी करता येत होती आणि बाळाला टोचावे लागत नव्हते. तिच्यात दोष एकच, पण मोठा होता. रक्तात फिनाइलअॅलनिन बरेच वाढल्यावरच लघवीत फिनाइलपायरूव्हिक आम्ल उतरते, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. तोवर बाळंतीण प्रसूतिगृहातून घरी गेलेली असते, पट्टी लावायची राहून जाते, आणि लावली तरी काही बाळे निसटतात.

येथे रॉबर्ट गथ्री यांचा प्रवेश होतो. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे काम करणारे गथ्री हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते, त्यांचा एक मुलगा बौद्धिकदृष्ट्या मागे होता, आणि १९५८ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या पत्नीच्या भाचीला फिनाइलकीटोन्युरिया असल्याचे निदान ती सव्वा वर्षाची झाल्यावर, म्हणजे फार उशिरा झाले. आहार चालू असलेल्या मुलांच्या रक्तातील फिनाइलअॅलनिन मोजण्याची सोपी रीत त्यांनी आधीच शोधली होती. एका विशिष्ट जिवाणूची वाढ रोखणारे रसायन आगरच्या थरात मिसळायचे. रक्तात फिनाइलअॅलनिन भरपूर असेल तर ते या रसायनावर मात करते आणि जिवाणू वाढू लागतात. गथ्री यांनी यात जी भर घातली ती वरकरणी किरकोळ दिसते. त्यांनी नळीतल्या रक्ताऐवजी टिपकागदावर वाळलेला थेंब वापरला, त्यातून छोटी गोल चकती कापून ती आगरवर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती वाढलेल्या जिवाणूंचे वलय पाहून निर्णय दिला. वाळलेला थेंब सांडत नाही, नासत नाही, पाकिटात घालून टपालाने शंभर मैलांवर पाठवता येतो; एका तबकात अनेक बाळांच्या चकत्या मावतात. या एका बदलामुळे चाचणी तज्ज्ञाच्या हातून सुटली आणि प्रसूतिगृहातील परिचारिकेच्या हाती आली.

१९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती कायद्याने सक्तीची केली. अमेरिकेतील २९ राज्यांत घेतलेल्या चाचणीत सुमारे चार लाख बाळांमधून ३९ बाधित बाळे सापडली. गथ्री स्वतः ५०० चाचण्यांचा संच सहा डॉलरना तयार करत असताना व्यापारी उत्पादनासाठी त्याची किंमत २६२ डॉलर ठरवण्यात आल्याचे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि प्रकरण अमेरिकन संसदेच्या चौकशीपर्यंत गेले. ब्रिटनने लंगोटाची पट्टी सोडून टाचेचा थेंब १९६९ मध्ये स्वीकारला.

या सर्व घाईत चुका झाल्या नाहीत असे म्हणता येणार नाही, आणि त्यांच्याकडे इतिहासकारांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिलेले नाही. काही बाळांच्या रक्तात फिनाइलअॅलनिन थोडे वाढलेले असते, पण त्यांना प्रत्यक्षात धोका नसतो, हे प्रारंभी माहीत नव्हते. अशा बाळांनाही कडक आहारावर ठेवले गेले आणि आवश्यक अमिनो आम्ल न मिळाल्याने काहींचे नुकसान झाले. दुसरी चूक उमगायला एक पिढी जावी लागली. मेंदूची वाढ झाली की आहार सोडला तरी चालतो असे मानून अनेक मुलींचा आहार पाच-सहा वर्षांच्या वयात थांबवण्यात आला. त्या वाचल्या, शिकल्या, संसारात पडल्या आणि गर्भवती झाल्या, तेव्हा त्यांच्या रक्तातील वाढलेले फिनाइलअॅलनिन वारेतून गर्भापर्यंत पोचून बाळाचा मेंदू व हृदय यांच्या वाढीला बाधा करू लागले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात असे दिसून आले की रक्तातील प्रमाण अतिशय जास्त असलेल्या मातांच्या मुलांपैकी दहात नऊहून अधिक मुले बौद्धिकदृष्ट्या मागे होती. ही बाळे स्वतः बहुधा केवळ वाहक होती, म्हणजे सदोष प्रत त्यांच्याकडे एकच होती; जनुकाने नव्हे, गर्भातल्या परिस्थितीने त्यांना इजा केली. एकाच जनुकाच्या दोषात आधी वारेमुळे बाळ सुरक्षित राहते आणि पुढच्या पिढीत तीच वार बाळाला बाधक ठरते, हा उलटफेर आनुवंशिकीच्या कोणत्याही धड्यात आवर्जून यायला हवा. गर्भधारणेपूर्वीच आहार पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणून लहानपणी कोणता विशेष आहार होता का, हा प्रश्न पहिल्या भेटीतील विचारपूशीत असणे आवश्यक ठरते.

टिपकागदाची सोय एकदा झाल्यावर त्याच थेंबातून आणखी विकार शोधले जाऊ लागले. कॅनडातील क्वेबेक येथे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी झ्याँ द्युसो यांनी वाळलेल्या थेंबातून थायरॉइडचे संप्रेरक मोजून दाखवले. जन्मजात थायरॉइडची कमतरता बहुतेकदा आनुवंशिक नसते, ग्रंथी नीट तयार न झाल्याने उद्भवते. तरी रोज दिली जाणारी एक स्वस्त गोळी वेळेवर सुरू झाली तर बाळ निरोगी वाढते, म्हणून तपासणीच्या दृष्टीने ती फिनाइलकीटोन्युरियाहून कितीतरी जास्त बाळांच्या उपयोगी पडली. १९९० च्या दशकात वस्तुमान वर्णपटमापकाच्या साहाय्याने एकाच चकतीतून डझनावारी दोष एकदम पाहणे शक्य झाले.

परिचारिकेच्या हातातली क्रिया मात्र साठ वर्षांत फारशी बदललेली नाही. टाच कोमट फडक्याने ऊबदार करावी, टोचा तळव्याच्या मध्यभागी न देता टाचेच्या बाहेरच्या किंवा आतल्या कडेला द्यावा, कारण मध्यभागी हाड जवळ असते. पहिला थेंब पुसून टाकावा, पुढचा थेंब वर्तुळात एकाच बाजूने आणि एकदाच भरावा, आणि कागद उन्हात किंवा पंख्याच्या झोताखाली न ठेवता सपाट जागी तीन-चार तास वाळू द्यावा. बाळ त्या वेळी आईच्या अंगावर पीत असेल तर त्याला वेदना कमी जाणवते. वेळेचा नियमही गॅरॉड यांच्या लंगोटाइतकाच जुना म्हणावा लागेल. दूध पोटात जाऊन दोन दिवस उलटल्याशिवाय तुंबलेले द्रव्य रक्तात खात्रीने दिसत नाही, म्हणून नमुना साधारण तिसऱ्या दिवशी घ्यायचा असतो, आणि चोवीस तासांत घरी पाठवण्याच्या आजच्या पद्धतीत नेमका हाच दिवस हातून जातो.

भारतात हा इतिहास उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आला. १९८० च्या दशकात कर्नाटकात एक लाखाहून अधिक बाळांच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. गोवा राज्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली. फिनाइलकीटोन्युरिया युरोपच्या मानाने भारतात कमी आढळतो, त्यामुळे विकारांची पाश्चात्त्य यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पाच शहरांत लाखभर बाळांचा जो अभ्यास केला त्यात थायरॉइडची जन्मजात कमतरता दर सुमारे अकराशे बाळांमागे एकाला दिसली. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात व्यंगांची तपासणी प्रसूतिस्थळीच करण्याचे तत्त्व स्वीकारले, तरी रक्ताची तपासणी सर्व राज्यांत सारखी पोचलेली नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर खरा आनुवंशिक प्रश्न विदर्भ आणि सातपुड्यातील सिकलसेलचा आहे. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनची घडण बदलल्याने पेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना, रक्तक्षय व जंतुसंसर्ग घडवतात. हा विकारही अप्रभावी आहे, म्हणून वर सांगितलेला चारात एकचा हिशेब त्याला जसाच्या तसा लागू पडतो. निलगिरीतील आदिवासींत तो १९५२ मध्ये नोंदवला गेला आणि १९५८ मध्ये नागपूरहून मध्य भारतातील रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत लहानपणी रोज पेनिसिलीन दिल्याने गंभीर जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि त्यानंतर बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता जन्मताच निदान करण्याला ठोस प्रयोजन मिळाले. मात्र शाळांत आणि शिबिरांत वापरली जाणारी सोपी विद्राव्यता चाचणी नवजात बाळाला चालत नाही. त्याच्या तांबड्या पेशींत अजून बहुतांश गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन असते आणि चाचणी खोटीच निर्दोष येते. त्यासाठी टाचेचा किंवा नाळेचा थेंब घेऊन हिमोग्लोबिनचे प्रकार यंत्राने वेगळे मोजावे लागतात. २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जाहीर केले, त्यात नवजात तपासणीचाही समावेश आहे.

यात अडचण येते ती बहुतेकदा यंत्राची नसून कागदावरच्या नावाची असते. बारशापूर्वी बाळाला नाव नसते, नमुन्यावर आईचे नाव लिहिलेले असते. पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी होते, सव्वा महिन्यानंतर बाळ-बाळंतीण सासरी जातात, आणि अहवाल आला तेव्हा कार्डावरचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक बाळंतिणीच्या बापाचा असतो. बाधित बाळाला पेनिसिलीन दोन महिन्यांच्या आसपास सुरू व्हायला हवे, म्हणजे हाती वेळ फार नसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने १९९० च्या दशकात गावातल्या बायकांना शिकवून घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचा आधार घेऊन आज आशा कार्यकर्ती बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. तिसरा दिवस हाच टाचेच्या थेंबाचाही दिवस आहे, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अहवाल हाती असू शकतो. या दोन वेळापत्रकांची गाठ घालायची तर प्रसूतिगृहातून सुटी देणाऱ्या परिचारिकेने कार्डावर माहेरचा आणि सासरचा असे दोन्ही पत्ते, आणि ज्या गावी बाळ राहणार त्या गावच्या आशेचा क्रमांक, नमुना घेतानाच लिहून घेतला पाहिजे.